पार्जिटरसाहेबांची पाहणी

इड्वल बेबच्या सरकारी मदतीची पाहणी मंगळवारी अकरा वाजता व्हायची होती, आणि त्याच दिवशी पावणेदहाला जार्मनने नेस्ताच्या चष्म्यावर ओकचं कपाट ठेवलं.

मुद्दाम नाही ठेवलं. लिलावाच्या आदल्या दिवशी लोक माल बघायला येतात, म्हणून लिलावघराचा मालक जार्मन पहाटेपासून सामान सरकवत होता. नेस्ताच्या चष्म्यावर धूळ बसली होती. तो पुसायला तिने काढून बुटक्या टेबलावर ठेवला, पुसायचं फडकं आणायला वळली, आणि तेवढ्या वेळात जार्मनने टेबल हलवलं, चष्मा घसरून खाली पडला आणि त्यावरच त्याने कपाट उभं केलं. आवाज अगदी बारीक आला. पण इड्वलच्या कानांनी तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला टिपला.

"काय मोडलं?" त्याने विचारलं.

"मी," नेस्ता म्हणाली.

इड्वलची दृष्टी एकोणिसाव्या वर्षी गेली. त्याला आता तेहेतीस वर्षं झाली, आणि त्यातली सव्वीस त्याने वेल्समधल्या लॅनिडलोस गावातल्या या लिलावघरात काढली होती. जुन्या लाकडी सामानाची किंमत ठरवणं हे त्याचं काम. खण बाहेर ओढायचा, त्याच्या पोटाखालून अंगठा फिरवायचा, सांधे चाचपायचे, एकदा वास घ्यायचा आणि सांगायचं, "एकशे ऐंशी वर्षं. पाय मात्र नंतर लावलेत." आसपासच्या तीन खोऱ्यांत त्याचा शब्द कुणी मोडत नसे. पण सामानाबरोबर कागद येतात. कुणाच्या आईने वेल्शमध्ये खरडलेल्या याद्या, वकिलांची पत्रं, कपाटाच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. ते वाचायला नेस्ता ब्रीझ होती. वय एकसष्ट, निवृत्त शिक्षिका, नवरा जाऊन आठ वर्षं झालेली. आठवड्याला पंधरा तास ती इड्वलला वाचून दाखवायची, शेतावरच्या घरांना गाडीतून घेऊन जायची, आणि तिचा पगार सरकार द्यायचं. अपंग माणसाला नोकरीत टिकून राहता यावं म्हणून तशी योजनाच होती.

गेल्या महिन्यात त्या योजनेचं पत्र आलं. तीन वर्षांची मुदत संपत आली आहे, आता मोबाइलसुद्धा कागद वाचून दाखवतात, तेव्हा माणसाची गरज खरोखर उरली आहे का, हे पाहायला अधिकारी येतील. नेस्ताने ते पत्र वर्गातली हजेरी घ्यावी तसं वाचलं होतं.

"परत वाच," इड्वल म्हणाला होता.

"परत वाचल्याने बदलणार नाही ते."

तर अशा पाहणीला सव्वा तास उरला असताना नेस्ताच्या चष्म्याच्या काचा कपाटाखाली होत्या. तिचा नंबर असा होता, की चष्म्याशिवाय समोर माणूस उभा आहे की उंच घड्याळ, हे ती त्याने उत्तर दिलं की नाही यावरून ठरवायची.

"घरी दुसरा आहे," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात, सुऱ्या-चमच्यांच्या खणाशेजारच्या खणात. पण घर अठरा मैलांवर आणि गाडी चालवणार कोण?"

जार्मन लठ्ठ, भिडस्त माणूस. तो आधीच तीनदा माफी मागून चुकला होता. चौथ्यांदा मागता मागता त्याने व्हॅनची किल्ली उचलली. "गेलो आणि आलो," म्हणाला आणि गेला.

"तो अधिकारी आला की खरं काय ते सांगून टाकू," इड्वल म्हणाला. "चष्मा फुटला. फुटतो माणसाचा चष्मा."

"काय सांगणार? सरकार मला डोळ्यांचे पैसे देतं, आणि नेमकी आज मी डोळे घरी विसरले? त्यांना मी नकोच आहे, इड्वल. निमित्त शोधतायत ते. आपण हातात आणून द्यायचं?"

"मग काय करायचं?"

"अकराच्या आत जार्मन येईल. नाहीच आला तर तू मला हळू आवाजात सांग, मी वाचल्यासारखं करते. कालची सगळी पत्रं पाठ आहेत तुला."

"म्हणजे आंधळ्याने वाचायचं आणि डोळस बाईने ओठ हलवायचे."

"तासाभराचा तर प्रश्न आहे."

इड्वलला खोटं बोलायची सवय नव्हती. पण नेस्ता गेली तर काय होईल, याचा विचार त्याने गेला महिनाभर रोज केला होता. जार्मनला वाचक ठेवणं परवडणार नव्हतं. इड्वलला फोनवर बसवलं असतं, आणि खणाखाली अंगठा फिरवायचं काम शहरातून कुणी तरी येऊन, नुसतं बघून केलं असतं. तो गप्प बसला. नेस्ताने त्याचा अर्थ होकार असा घेतला.

अकराला एक मिनिट कमी असताना दार उघडलं. जार्मनची पावलं जड असतात, ही हलकी होती. इड्वल लगबगीने पुढे गेला. इथली फरशी न् फरशी त्याच्या पायाखालची असल्यामुळे त्याची पांढरी काठी दिवसभर खुंटीला टांगलेली असे. "डाव्या बाजूला जपून," तो म्हणाला, "तिथे पाळणा ठेवलाय." आणि त्याने नेमका पाहुण्याच्या दिशेने हात पुढे केला.

"डेस्मंड पार्जिटर," पाहुणा म्हणाला. "पाहणीसाठी आलोय."

त्याच क्षणी अकरा वाजले. उद्याच्या लिलावात एकोणीस घड्याळं होती आणि जार्मनने हौसेने सगळ्यांना चावी दिली होती. त्या कल्लोळात इड्वल म्हणाला, "मी इड्वल बेब. आणि या माझ्या वाचक, नेस्ता ब्रीझ."

"हो, हो. अगदी छान," पार्जिटरसाहेब म्हणाले.

एवढ्यात नेस्ता पुढे यायला निघाली आणि पाळण्यावर आपटली. इड्वलने तिला कोपर दिलं. ते धरून ती चाचपडत त्याच्या मागून आतल्या खोलीकडे निघाली. आता दारात उभ्या असलेल्या माणसाला यातून काय दिसावं? एक पुरुष झपझप चालतोय, वाटेतल्या वस्तू सांगतोय, आणि एक बाई हात पुढे करून, डोळे बारीक करून त्याच्या आधाराने चालतेय. पार्जिटरसाहेबांनी मनात जे समजायचं ते समजून घेतलं आणि मायेने दोघांच्या मागे गेले.

खोलीत इड्वल चहा ओतायला लागला. नेस्ताला वाटलं आपण काही तरी उपयोगी दिसावं, म्हणून ती दुधाचं भांडं शोधू लागली आणि तिच्या हाताला शिक्क्याच्या शाईची डबी लागली.

"बसा बाई तुम्ही," पार्जिटरसाहेब हळुवारपणे म्हणाले. "ते करतील की. त्यासाठीच तर आहेत ते."

इड्वलला हे जरा चमत्कारिक वाटलं. पण साहेब जुन्या वळणाचे असतील, बायकांना उठू देत नसतील, असं म्हणून त्याने कप पुढे केला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा सरकल्याचा.

"तर मिसेस बेब," पार्जिटरसाहेबांनी सुरुवात केली.

नेस्ता ताठ झाली. "आमचं लग्न झालेलं नाही."

"माफ करा. मिस बेब."

"मी बेब नाहीच मुळी."

"हो, अगदी छान," पार्जिटरसाहेब म्हणाले आणि पान उलटल्याचा आवाज आला. "त्रास कधीपासून?"

नेस्ताने गेल्या सात वर्षांत इड्वलच्या वतीने इतके अर्ज भरले होते, की हे उत्तर तिच्या तोंडातच असे. "एकोणिसाव्या वर्षापासून."

"अरेरे. आणि अजिबात दिसत नाही?"

"उजेड-अंधार कळतो. बाकी काही नाही."

"साहेब, मी इथेच बसलोय," इड्वल म्हणाला. "मला विचारा ना."

"तुमची पाळी येईल," पार्जिटरसाहेब जरा कोरडेपणाने म्हणाले. "कधी कधी मदतनीसच सगळं बोलतात आणि ज्यांची मदत त्यांचं राहून जातं. तसं मी होऊ देत नाही."

यात मदतनीस कोण आणि मदत कुणाची, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला स्पष्ट होतं. फक्त उत्तरं वेगवेगळी होती.

"आता वाचन कसं चालतं ते पाहू," साहेब म्हणाले आणि टेबलावरच्या ट्रेमधलं वरचं पत्र उचलून त्यांनी इड्वलच्या हातात दिलं. कोपऱ्यावर इड्वलने स्वतः चिकटवलेली ब्रेलची पट्टी होती. स्वॅनकॉटबाईंचं पत्र, कालच ऐकलेलं. सुटलो, असं मनात म्हणत त्याने ते नेस्ताकडे सरकवलं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं आणि घसा साफ केला.

"नाही, नाही. बाईंना कशाला त्रास? तुम्ही वाचा."

"मी?"

"तुम्हीच की."

 आपलं बिंग फुटलंय आणि हा माणूस आपल्याला खेळवतोय, असं त्याला वाटलं. की हीच परीक्षा आहे? काही का असेना, पत्र पाठ होतं. त्याने नेहमीच्या सवयीने मान वर केली आणि सुरुवात केली. "'प्रिय मिस्टर जार्मन, आईच्या मागे घरात दोन कपाटं, एक ड्रेसर आणि सहाशे जिग्सॉ कोडी राहिली आहेत. कोड्यांचे तुकडे पूर्ण आहेत की नाहीत हे फक्त आईला माहीत होतं...'"

तो शेवटच्या सहीपर्यंत गेला.  बॅग उघडल्याचा आवाज आला आणि इड्वलच्या हातात नवा कागद आला. "आता हा."

इड्वलने कागदावरून बोटं फिरवली. "जाड आहे," तो म्हणाला. "चांगला कागद आहे."

"वाचा."

"एका बाजूला दोन भोकं आहेत."

कागद त्याच्या हातातून काढून घेतला गेला. मग पार्जिटरसाहेब म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबता का? मला बाईंशी एकट्याने बोलायचंय."

इड्वल बाहेर जाऊन उभा राहिला. दार नीट लागत नसे, आणि लागलं असतं तरी त्याला ऐकू आलंच असतं.

"बाई, स्पष्ट बोलतो," आतून आवाज आला. "तुमची गरज खरी आहे. पंधरा काय, मी पंचवीस तास लिहितो. पण हा वाचक बदला."

"कोण?"

"हा माणूस. तो छताकडे बघून वाचतो, बाई. कागद तुमच्या हातात होता, तोही उलटा. तुम्हाला दिसत नाही म्हणून सांगतो. मनाला येईल ते ठोकून देतो तो. सहाशे जिग्सॉ कोडी असतात का कुणाकडे? आणि खरा कागद हातात दिला तर भोकं मोजत बसला. तुमच्या आंधळेपणाचा फायदा घेतोय तो."

नेस्ताची खुर्ची करकरली.  मग ती म्हणाली, "अहो, तो आंधळा आहे."

"गोंधळला आहे? होय, माझंही तेच मत. पण गोंधळलेला माणूस या कामाचा नाही."

"आंधळा."

"तेच म्हणतोय मी."

इड्वलच्या मनात पंचवीस तास ही गोष्ट क्षणभर रेंगाळून गेली, हे इथे सांगायलाच हवं. पंचवीस तासांत नेस्ताकडून काय काय वाचून घेता आलं असतं. पण त्याच वेळी त्याच्या कानांनी दुसरंच काही तरी ओळखलं होतं आणि ते त्याला स्वस्थ बसू देईना. तो आत गेला, टेबलाला वळसा घालून पार्जिटरसाहेबांच्या उजव्या हाताला उभा राहिला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "साहेब, बेब मी आहे. आंधळा मी आहे. यांना दिसतं. यांचा चष्मा सकाळी कपाटाखाली फुटला आणि तो आम्ही तुमच्यापासून लपवला. चूक आमची."

पार्जिटरसाहेबांनी कप खाली ठेवला.

याच मुहूर्तावर जार्मन धापा टाकत आला. "मिळाला," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलेल्या खणातच होता." नेस्ताने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तसाच उतरवला. "हा एमलिनचा आहे," ती म्हणाली. एमलिन म्हणजे तिचा गेलेला नवरा. "पेपर वाचायचा. यातून मला तू सुद्धा दोन दिसतोस, जार्मन, आणि एकच पुरे आहे."

जार्मनने सवयीने माफी मागितली आणि गिऱ्हाइकांकडे पळाला.

"फाइलीवर नुसतं 'बेब' आहे, तुम्ही नावं सांगायला हवी होती," पार्जिटरसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "मी तुम्हाला काय काय बोललो."

"सांगितली होती. घड्याळं वाजत होती तेव्हा." इड्वल खुर्ची ओढून त्यांच्या उजव्या बाजूलाच बसला. "साहेब, डावा कान कधीपासून?"

 पार्जिटरसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आल्यापासून दोनदा खुर्ची फिरवलीत. दोन्ही वेळी उजवा कान पुढे. आणि 'अगदी छान' दोनदा म्हणालात. त्यातलं एकच जागेवर होतं."

"तीन वर्षं झाली," साहेब म्हणाले. "आता उजवाही थोडा. ऑफिसात कुणाला माहीत नाही. निवृत्तीला चार वर्षं आहेत. कळलं तर फाइली लावायला बसवतील, फिरतीचं काम जाईल, असं वाटतं. ही फिरती मला आवडते हो. लोकांकडे जायचं, चहा घ्यायचा, त्यांना सांगायचं की हा तुमचा हक्क आहे, मागायला लाजू नका."

"असं सांगता तुम्ही लोकांना?" नेस्ताने विचारलं.

"रोज."

"अगदी छान," नेस्ता म्हणाली, आणि पार्जिटरसाहेबांना हे नीट ऐकू आलं. ते हसायला लागले, आणि मग तिघंही.

खरी पाहणी त्यानंतर झाली. आधी साहेबांनी नियमाप्रमाणे मोबाइलची परीक्षा घेतली. स्वॅनकॉटबाईंच्या आईची वेल्शमधली हस्तलिखित यादी त्याच्यासमोर धरली. मोबाइलने थोडा विचार केला आणि असा काही आवाज काढला, की बाहेरून जार्मनने विचारलं, कुणाला ठसका लागलाय का. दुसऱ्या कागदाला तो म्हणाला, इथे मजकूर नाही. मोबाइल बंद करून ठेवला गेला. पण उद्याचा लिलाव काही थांबणार नव्हता आणि बावीस नगांच्या चिठ्ठ्या वाचायच्या राहिल्या होत्या. तेव्हा पार्जिटरसाहेबांनी कोट काढला आणि तेच वाचायला लागले.

दुपारी दोनपर्यंत ते वाचत होते. वेल्श नावांची त्यांनी जी दुर्दशा केली, ती ऐकून नेस्ता अधूनमधून डोकं धरायची, त्यांच्याकडून एकेक अक्षर वदवून घ्यायची आणि खरा शब्द सांगायची. चार वाजेपर्यंत असं शिकवावं लागलं असतं तरी तिला चाललं असतं, शाळेत परतल्यासारखं वाटत होतं. एका खणांच्या कपाटाशी इड्वल अडला. सांधे एक वय सांगत होते आणि लाकूड दुसरं. "आत मागच्या फळीवर काही लिहिलंय का बघा," तो म्हणाला. साहेब गुडघ्यांवर बसले, डोकं आत घातलं, आणि आतूनच त्यांचा आवाज आला, "पेन्सिलने आहे. पुसट. थॉमस कुणी तरी, अठराशे अठ्ठेचाळीस. आणि खाली लिहिलंय, 'पाठ दुखते.'"

"पाठ दुखते?"

"तसंच लिहिलंय."

"हे मोबाइलने वाचलं नसतं," इड्वल म्हणाला.

"मोबाइलने डोकं आत घातलं नसतं," साहेब गुडघे झटकत म्हणाले. त्यांच्या आवाजात असा आनंद होता, जणू काही तो थॉमस त्यांच्याच घरातला होता.

मग चहाबरोबर 'बारा ब्रीथ' नावाच्या मनुके घातलेल्या वेल्श पावाचे लोणी लावलेले जाड तुकडे आले. पार्जिटरसाहेबांनी अहवाल लिहायला घेतला आणि लिहिता लिहिता मोठ्याने सांगत गेले. "वाचक माणूसच हवा. पंधरा तास कायम, पुढची तीन वर्षं."

"मघाशी पंचवीस म्हणाला होतात," नेस्ता म्हणाली.

"ते मी मिस बेबना म्हणालो होतो."

नेस्ताने आणखी एक तुकडा घेतला आणि विषय सोडला. इड्वलला एवढं हलकं महिनाभरात वाटलं नव्हतं. त्याने पेन बंद झाल्याचा आवाज ऐकला, बॅगेचा पट्टा ऐकला, आणि म्हणाला, "थांबा साहेब. बॅगेत कोरे अर्ज असतील ना?"

"असतात नेहमी."

"एक काढा. तुमच्यासाठी."

"अहो, मला तसं फारसं..."

"बसा," नेस्ता म्हणाली, आणि ते बसले. तिने तीस वर्षं मुलांना बसवलं होतं. "मी लिहून दिला असता, पण आज माझं अक्षर तुमच्या बाहीवर जाईल. तुम्हीच लिहा."

इड्वलने आजवर तो अर्ज पाच वेळा भरला होता आणि प्रश्न त्याला क्रमाने पाठ होते. तो साहेबांच्या उजव्या बाजूला सरकला. "पहिला. कामात नेमकी कोणती अडचण येते? आणि हे बघा, 'थोडीशी' असं लिहू नका. मी पहिल्या वेळी लिहिलं होतं, तर त्यांनी मदतही थोडीशीच दिली."

पेन चालू लागलं. दुसरा झाला, तिसरा झाला. कानातलं यंत्र हवं का, बैठकीत बोलणं लिहून देणारं कुणी हवं का, या प्रश्नांना साहेब अडखळले. इड्वलने त्यांना अडखळू दिलं, आणि उत्तर लिहिल्याशिवाय पुढचा प्रश्न सांगितला नाही.

"सातवा," तो म्हणाला. "या अडचणीमुळे कामात काय घोटाळा होतो, याचं अलीकडचं एक उदाहरण द्या."

पेन थांबलं. नेस्ता खिडकीकडे तोंड करून हसू आवरत असल्याचं इड्वलला ऐकू आलं.

"इथे चारच ओळींची जागा आहे," पार्जिटरसाहेब म्हणाले.

"पुरवणी जोडता येते," इड्वल म्हणाला.